मागच्या खोलीचं माप

३ मार्च, सोमवार

जागा मिळाली. घरमालकीणबाईंनी सकाळी स्वतः येऊन किल्ल्या हातात दिल्या आणि पक्कं सांगितलं, की आजपासून दोन्ही खोल्या माझ्या, भिंतींना नवा रंग दिलाय, खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. दादानंही फोनवर कबूल केलं, की सोळाला, रविवारी, तो अप्पांना गाडीत घालून इथं आणून सोडेल. दोन कामं एकाच दिवशी मार्गी लागली. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही, म्हणून ही नवी वही काढली.

पुढची खोली रस्त्याला लागून. तिथं माझं मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी आरसा. मागची खोली अप्पांची. अरुंद आहे, पण शांत आहे. एकच खिडकी, तीही उंचावर. भिंतींचा रंग बिस्किटासारखा, जरासा गुलाबीकडे झुकणारा. दारांना उंबरे नाहीत, म्हणजे चाकाची खुर्ची थेट आतपर्यंत जाईल. बिनउंबऱ्याचं घर शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या.

अप्पा म्हणजे माझे वडील. माझी शिंपीकामाची शाळाही तेच. जन्मभर कोट शिवले. दोन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं आणि जीभही जड झाली. वहिनीनं त्यांचं पुष्कळ केलं, ते मी नाकारणार नाही. पण आता तिचीच पाठ गेलीय, आणि तिनं स्वच्छ सांगितलंय, की सोळापर्यंत माझ्याकडे खोली तयार नसेल तर सतराला अप्पा वृद्धाश्रमात. तो वृद्धाश्रम मी बघून आलेय. तिथं म्हाताऱ्यांना पडू नयेत म्हणून खुर्चीला बांधतात. पट्टा मऊ असतो, असं तिथली बाई मला कौतुकानं सांगत होती.

तेव्हा आधी माप. अप्पांची जुनी पिवळी टेप काढली. ती जन्मभर त्यांच्या गळ्यात होती, मेणकापड मानेच्या घामानं तपकिरी पडलंय. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे एका माणसाचं माप झालं की टेप पुसायची, मगच दुसऱ्याला लावायची. एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगाला चढवू नये. आज पुसली नाही. खोलीला काय घाम चढणार!

रुंदी बरोबर सात फूट. पलंग समोरच्या भिंतीशी आडवा टाकायचा, साडेसहा फुटांचा, दोन्हीकडे चार-चार बोटं मोकळी. उभा टाकला तर खुर्ची वळणार नाही. मापं घेताना हात कमी पडले, म्हणून टेपचं टोक दातांत धरलं. ही माझी खोड जुनीच. अप्पांची आणि माझी उंची सारखी, म्हणून पलंगाच्या जागी फरशीवर आडवी होऊनही पाहिलं. त्यांच्यासारखा डावा खांदा पाडला, उजव्या कुशीवर वळले. जागा पुरते. फरशी कोमट लागली. दुपारभर ऊन येत असेल.

बाई जाता जाता आधीच्या भाडेकरूबद्दल सांगत होत्या. तो मागच्या खोलीतच झोपायचा आणि सारखी तक्रार करायचा, की खोली आवळते. बाईंनी त्याला ऐकवलं, की बाबा रे, खोली आवळत नाही, तू सुटतोयस, रात्रीचं जेवण बंद कर. मग एक दिवस सामान तसंच टाकून, निरोपही न घेता गेला म्हणे. हल्लीच्या मुलांना रीतभात नाही, असं त्यांचं मत पडलं.

४ मार्च, मंगळवार

सुतार येऊन गेला. पेन्सिल कानावर असते आणि तो ती खिशांत शोधत राहतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव पेन्सिलराव ठेवलंय. त्यानं लोखंडी टेप टाकली आणि जाहीर केलं, की खोली सात फूट नाही, इंचभर कमी आहे. मी म्हटलं, काल मी माझ्या हातानं मोजलीय. त्यावर त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं, की ताई, तुमची टेप काल जेवून तर आली नव्हती ना? मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमची उपाशी असेल, म्हणून आखडलीय. तो मनापासून हसला. मग दोघांनी मिळून दोन्ही टेपांनी मोजलं. त्याचंच खरं निघालं.

मापात मी चुकत नाही, त्यामुळे जरा लागलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की छाती फुगवतं, पोट आत घेतं. अप्पा त्याला आधी श्वास सोडायला लावायचे आणि मगच टेप आवळायचे. काल खोलीनं श्वास भरून घेतला असेल, असं मी पेन्सिलरावाला म्हटलं. तो म्हणाला, की तुमच्याकडे काम करायला मजा येणार. पलंग साडेसहा फुटांचाच ठरला. अकरा तारखेला आणून देतो म्हणाला.

तो गेल्यावर टेप गुंडाळताना सवयीनं टोक दातांत धरलं आणि लगेच थुंकले. खारट होतं. नुसतं खारट नव्हे. उन्हाळ्यात मनगटावरचं घड्याळ काढलं की पट्ट्याखाली जो ओला मळ साचलेला असतो, तो जिभेवर आल्यासारखं वाटलं. दोनदा चूळ भरली. तरी जेवताना घास फिरत होता.

६ मार्च, गुरुवार

मागची खोली पुसायला घेतली. नव्या रंगाच्या भिंती चिकट कशा, कळेना. फडकं फिरवलं की दुधावरच्या सायीसारखी सुरकुती पडते आणि हळूहळू पुन्हा सपाट होते. रंगात तेल जास्त झालं असेल. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, की रंगारी ओळखीतला होता. म्हणजे बोलणंच खुंटलं.

गार पाण्याचं फडकं लावलं तेव्हा खिडकीखालच्या भिंतीवर बारीक बारीक पुटकुळ्या उठल्या. थंडीत दंडावर काटा येतो तशा. मी बघत असताना त्या बसल्या.

फडकं पिळलं. पाणी राखाडी निघालं आणि त्यात आखूड केस होते. फडकं टाकून दिलं. मग बादलीही टाकून दिली. बादली चांगली होती.

९ मार्च, रविवार

दुसरी किल्ली दादाकडे पाठवली. मी गिऱ्हाइकाकडे अडकले तर त्याला दारात ताटकळायला नको. तो फोनवर घाईतच होता, नेहमीसारखा. अप्पांना फोन दिला. ते बराच वेळ धडपडले आणि एकच शब्द फुटला, टेप. वहिनी मागून म्हणाली, की टेप तू नेल्यापासून म्हातारा उजव्या हातानं सारखा गळा चाचपतो, आल्या आल्या आधी ती त्यांच्या गळ्यात घाल, मग बाकीचं कौतुक कर. बोलली तिरकस, पण ओळखते ती त्यांना.

मागच्या खोलीत वास येतो. तो मला माहीत आहे, हीच अडचण आहे. दादाकडे गेल्यावर अप्पांना अंघोळ घालताना पडलेल्या हाताची काख उचलायची, पोटाची वळी उचलायची, आणि आतलं पुसायचं. पावडर आणि घाम एकत्र होऊन जे पांढरं, दह्यासारखं साचतं, त्याचा वास. मी तेव्हा तोंडानं श्वास घेते आणि अप्पांशी गप्पा मारते, म्हणजे त्यांना कळत नाही. रिकाम्या खोलीत तो वास कुठून येणार?

वासाच्या मागावर कोपऱ्यात पोचले. जिथं दोन भिंती मिळतात तिथं रंगाखाली वरपासून खालपर्यंत बारीक टिंबांची सरळ रेघ आहे. एकसारख्या अंतरावर. मी बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. ती टीप आहे. भिंतीला टीप घातलेली आहे.

समोरच्या कोपऱ्यातही तशीच.

११ मार्च, मंगळवार

पलंग आला आणि बसला नाही. पेन्सिलराव आणि त्याचा भाऊ दोघांनी तिरका केला, उभा केला, शिव्या दिल्या, माझी माफी मागितली, पुन्हा शिव्या दिल्या. मग त्यानं रुंदी मोजली. साडेसहा फूटही राहिली नाही. पलंग खोलीपेक्षा चार बोटं मोठा आहे. तो सारखा सांगत होता, की पलंग मापातच आहे, तुम्ही बघा, तुमच्याच टेपनं बघा. मी पाहिलं. पलंग मापातच आहे.

पलंगाचा कोपरा भिंतीला घासला तिथला रंग सोलला गेलाय. खाली विटा नाहीत, गिलावा नाही. ओलं, लालसर काहीतरी, आणि त्यावर बघता बघता पाण्याचे थेंब धरले. पेन्सिलरावानं ते बोटानं पुसलं, बोटाचा वास घेतला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. निघताना त्याची पेन्सिल कानावरच होती, पण त्यानं ती शोधली नाही. म्हणाला, ताई, दुसरी जागा बघा.

पाच दिवसांत? बिनउंबऱ्याची? दादाला सांगावं, तर वहिनी आश्रमाला फोन लावून मोकळी होईल. तो मऊ पट्टा डोळ्यांपुढून हलत नाही.

१२ मार्च, बुधवार

मी केलं ते कुठल्याही शिंप्यानं केलं असतं, असं स्वतःला सांगतेय.

कपडा आवळला तर फेकत नाहीत. आत दाब असतो. शिवतानाच दोन-चार बोटं कापड शिवणीत दुमडून ठेवतात, म्हणजे माणूस सुटला तर टीप उसवून ते मोकळं करता येतं. काल झोपण्यापूर्वी डोक्यात तेवढंच होतं. खोलीला टीप आहे, म्हणजे आत दाब असणार. दाब आहे, म्हणजे चार बोटं मिळणार.

नाकाला फडकं बांधलं, ब्लेड घेतलं, आणि वरून सुरुवात केली. टीप दोऱ्याची नव्हती. केसांची होती. जाड, तेलकट केस, काही मुळासकट. एकेक टाका कापून ओढत गेले. प्रत्येक केस निघताना पिकलेल्या फोडातून निघावा तसा सुळकन निघायचा, आणि मागे पिवळा ठिपका राहायचा. निम्म्यावर आल्यावर ओकारी आली. मोरीत जाऊन आले, तोंड धुतलं, पुन्हा उभी राहिले. सवय आहे मला. तोंडानं श्वास घ्यायचा आणि गप्पा मारायच्या. मी खरंच गप्पा मारल्या, भिंतीशी, अप्पांशी मारते तशा.

शेवटचा टाका तुटला तशी भिंत सैल पडली. हुश्श केल्यासारखी मागे सरकली. आतली घडी उघडी पडली. प्लास्टर काढल्यावर पाय दिसतो तशी पांढरीफटक, ओली, सुरकुतलेली. सुरकुत्यांत ते दह्यासारखं. आणि त्यात रुतलेली शर्टाची बटणं. चार भोकांची, भोकांत दोरा तसाच. बटण काढून घेतलं तर दोरा राहत नाही. कापड जिरलं की राहतो.

दुसरा कोपराही उसवला. मग हात घासणीनं घासले. नखांखाली अजून आहे.

१३ मार्च, गुरुवार

खोली सात फूट. वर थोडी जास्तच.

पेन्सिलरावाला खोटं सांगून बोलावलं, की गवंड्यानं गिलावा काढलाय. त्यानं पलंग आत ढकलला. बसला. दोन्हीकडे चार-चार बोटं. तो भिंतीकडे न बघता म्हणाला, की आज तुमची टेप जेवून आली वाटतं. मी हसले नाही, त्यालाही हसू आलं नाही.

गादी घातली, चादर घातली. टेप उशीवर ठेवली, अप्पांना आल्याबरोबर दिसेल अशी. खोली तयार आहे. दादाला तसं कळवलं.

१४ मार्च, शुक्रवार

भिंतीकडचे पलंगाचे दोन्ही पाय बुडाले आहेत. लाकडावर कातडी चढलीय. नख धरून वाढते तशी, कडेकडेनं, पातळ, आतून लाल रेषा दिसतात. बोटानं खरवडली. फाटली. दुपारी पुन्हा आली, अजून जाड.

चादर ओली आहे. कोणी झोपलं नव्हतं. तरी तिच्यावर माणसाएवढा डाग. घामाचा.

आणि उसवलेल्या घडीत खळगा पडलाय. डोकं, खांदे, पाठ, पाय. कोटाला अस्तर बसवतात तसा, अंगाबरोबर. उजवा खांदा वर आहे. डावा पडलेला आहे.

मीच दिलं माप. फरशीवर झोपून, खांदा पाडून. आणि ती टेप, जन्मभराच्या घामाची, न पुसता, चारही भिंतींना लावली —

माझं नाही घेतलं खोलीनं. त्यांचं घेतलं.

१५ मार्च, शनिवार

दादाला फोन. म्हटलं, मागची खोली नको, काहीतरी गडबड आहे. वहिनीनं फोन हिसकावून घेतला. ऐनवेळी अंग काढणार हे तिला माहीतच होतं म्हणे. तयार नसेल तर सरळ सांग, आश्रमात आत्ता कळवते. मी म्हटलं, काही नाही, खोली तयार आहे. तयार आहे, या.

अप्पा पुढच्या खोलीत झोपतील. मशीन, टेबल, सगळं भिंतीशी लावलं. खाली गादी. ठीक आहे, चालेल. मागच्या खोलीच्या दाराला कुलूप घालायचं, बस्स.

बाई आल्या होत्या. बटणं दाखवली. त्यांनी ओळखली. म्हणाल्या, असाच शर्ट होता त्या भाडेकरूचा. मग पदरानं हात पुसले, बटणांना हात लावला नसताना.

कुलूप आणलं. घालायला गेले, तर टेप — उशीवर टेप नाही. घडीतून पिवळं टोक लोंबतंय. वीतभर. ते आत-बाहेर होतंय, हळू —

तोंडातल्यासारखं. माझ्या तोंडातल्यासारखं.

आज नाही. हात लावणार नाही. उद्या उजेडात.

१६ मार्च, रविवार

डाव्या हातानं लिहितेय. वही सोबत होती, पेन्सिलही. फोन पुढच्या खोलीत आहे. दोनदा वाजून थांबला.

अप्पांना टेप हवी होती. नुसतं टोक धरून ओढायचं होतं. आली थोडी. मग परत ओढली गेली, आणि मी सोडली नाही. सोडायला हवी होती. उजवा हात कोपरापर्यंत आत आहे. दुखत नाही. गरम आहे. बोटांना टेप लागतेय, आणि टेपच्या भोवती मऊ, ओलं, चघळल्यासारखं — ओकले मी, अंगावरच. पुसायला हात नाही.

ओढलं की ती आणखी आवळते.

मी इथं बसत नाही. खळगा मोठा आहे मला, ढगळ. ती मला घेत नाहीये. धरून ठेवलंय नुसतं.

गाडी आली. दादाचा आवाज. खुर्ची उतरवताहेत, चाकाची करकर. तो घाईत आहे, सांगतोय कोणाला तरी, की सोडून लगेच निघायचंय. किल्ली आहे त्याच्याकडे. मीच दिली.

ओरडले तर धावत येईल. खुर्ची पुढे ढकलतच येईल. नाही ओरडले तरी सरळ आतच आणणार — सांगून ठेवलंय ना मी, मागची खोली, तयार —

या खोलीचं दार लोटायला हवं. पाय ताणला. आणखी ताणला. खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं — दार चार बोटं लांब आहे.

चार बोटं.

पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली. अप्पा काहीतरी म्हणताहेत, अडखळत. टेप. टेप म्हणताहेत. त्यांना दिसायच्या आधीच —

भिंतीवर काटा आलाय. सगळीकडे. घडी उघडतेय, कडा ओल्या, वास — दादा हाक मारतोय, की अगं आहेस का, अप्पांना आत घेतो. चाकं फरशीवर. उंबरा नाही. कुठेच उंबरा नाही. भिंतीनं श्वास सोडला, माप घेताना सोडायला लावतात तसा, आणि आता अप्पांची खुर्ची दारात वळेल, दादा ती पलंगाशी लावेल, आणि ती